खेड्यात राहायला हरकत

एरर आणि वॉर्निंग यांतला फरक मी पोरांना एसटीच्या दोन कंडक्टरांवरून शिकवतो. समजा, तुम्हाला अमरावतीहून अकोल्याला जायचंय आणि तुम्ही आपल्याच नादात यवतमाळच्या गाडीत बसलात. पहिला कंडक्टर घंटी मारतो, गाडी थांबवतो आणि सगळ्यांदेखत ओरडतो, "ओ भौ, कुठी चालले? उतरा खाली!" तुमचा अपमान होतो. बडनेऱ्याला उन्हात उभे राहून तुम्ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता आणि पुढच्या गाडीने अकोल्याला पोचता. ही एरर. दुसरा कंडक्टर फार मायाळू. तो खिडकीबाहेर पाहत पुटपुटतो, "गाडी यवतमाळची हाये बरं," आणि तिकीट फाडून तुमच्या हातात देतो. तुम्हाला छान झोप लागते. ही वॉर्निंग.

अमरावतीच्या एका खासगी कॉलेजात मी डेटाबेस शिकवतो. म्हणजे माहितीच्या कपाटाला खण कसे पाडायचे, कोणता खण किती रुंद ठेवायचा, हे शिकवतो. कंडक्टरांवर वर्ग मनसोक्त हसतो. मग प्रॅक्टिकलला एखादा हात वर करतो, "सर, वॉर्निंग आली."

"काय म्हणते?"

"वाचली नाही सर. पण चाललं."

हे 'चाललं' आमच्या वऱ्हाडाच्या वेशीवर दगडात कोरून ठेवायला हरकत नाही. आणि बघा, मी आत्ताच 'हरकत नाही' म्हणालो. हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे यातला एकच उरणार आहे.

आमच्या समाजाचं एक मंडळ अकोल्यात आहे. ते दरवर्षी उपवर मुला-मुलींचा परिचय मेळावा भरवतं. पूर्वी कागदावर माहिती घ्यायचे. मग मंडळाने पुण्याच्या एका कंपनीकडून नोंदणी करून घेतली, मोबाइलवरून. आमचे अध्यक्ष निवृत्त माणूस, धोतर कडक, आवाज त्याहून कडक. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमी कॉम्प्युटरवाले. तुमी फक्त पाहत राहा, सगळं बरोबर चालून राहिलं का नाई." पाहायला दिलं, हात लावायला दिलं नाही. कपाटाची काच माझी, किल्ली पुण्याची.

मी कामाला लागलो तो पहिल्याच दिवशी बायकोला उपवर केली. चाचणी करायची तर कोणाचं तरी नाव पाहिजे. तिचं नाव, उंची, शिक्षण भरलं. एक चौकट होती 'खेड्यात राहण्याविषयी'. खाली फिक्या अक्षरांत नमुना दिलेला: 'खेड्यात राहायला हरकत नाही'. मी तोच नमुना उतरवला आणि बटण दाबलं. लाल पट्टी आली. एरर! मजकूर खणात मावत नाही.

कंपनीने स्वतः दिलेला नमुना कंपनीच्याच खणात मावत नव्हता! मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिने पट्टी पाहिली, मग स्वतःचं नाव पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मंग? एखादं बरं स्थळ येऊन राहिलं का?"

खण वीस अक्षरांचा होता. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वाक्याला वीस पुरतील. पण मशीन आपल्यासारखं वाचत नाही. ते काना वेगळा मोजतं, मात्रा वेगळी मोजतं, जोडाक्षराचा मोडका पायसुद्धा वेगळा मोजतं. आपल्या डोळ्याला 'खेड्यात' ही तीनच अक्षरं. त्याच्या हिशेबी सात. अशा मोजणीने 'खेड्यात राहायला हरकत' बरोबर विसात बसतं. 'नाही' दाराबाहेर.

पण एरर होती तोवर काळजी नव्हती. एरर म्हणजे पहिला कंडक्टर. मावत नाही म्हटल्यावर माणूस कुरकुरत थोडक्यात लिहितो. नोंदणी सुरू झाली आणि घरोघरी लाल पट्ट्या दिसायला लागल्या. लोकांनी भाऊसाहेबांना फोन करून हैराण केलं. भाऊसाहेबांनी मला अकोल्याला बोलावलं.

"लग्नाचं काम हाये," ते म्हणाले. "पहिल्याच घासाले एरर? कुंकवाच्या जागी लाल पट्टी! लोकं म्हनतात अपशकुन झाला."

"भाऊसाहेब, एरर चांगली असते. खण रुंद करायला सांगा, ती आपोआप जाईल."

त्यांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की खण रुंद केला तर मेळाव्यात वाटायच्या पुस्तिकेची सगळी पानं पुन्हा आखावी लागतील, ते मेळाव्यानंतर पाहू. मात्र एररचं रूपांतर वॉर्निंगमध्ये लगेच करता येईल. म्हणजे मजकूर जास्त झाला तर मशीन अडवणार नाही. मावेल तेवढा ठेवेल, उरलेला कापेल आणि आतल्या आत, फक्त मला दिसेल अशी, एक बारीक चिठ्ठी सोडेल: अमुक ओळीत मजकूर कापला.

"मंग गाडी चालन?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"चालेल, पण..."

"चालन ना? बस."

वर्गातल्या पोराच्या हातासारखा मी 'पण' वर करून बसलो होतो. तो तसाच वर राहिला. शुभकार्यात अडथळा नको म्हणून अडथळ्याला पुसटसं खोकायला शिकवलं. त्या दिवसापासून लाल पट्टी गेली, हिरवी बरोबरची खूण आली आणि मुलींच्या नावापुढे 'खेड्यात राहायला हरकत', 'खेड्यात राहायला हरकत' अशी रांग लागली. नकार ज्यांना द्यायचा होता त्यांनी 'फक्त पुणे' लिहिलं, ते ऐटीत मावलं. अडचण फक्त सभ्य मुलींची झाली.

इंग्रजीत हे झालं नसतं. इंग्रज माणूस नकार आधी देतो, मग वाक्य सुरू करतो. त्याचं वाक्य शेपटीकडून कापलं तरी 'नो' शाबूत राहतो. आपण मराठी माणसं अख्खं वाक्य बोलून होईपर्यंत समोरच्याला आशेवर ठेवतो आणि अगदी शेवटी, उंबऱ्यावर, 'नाही' म्हणतो. त्यात कापणाऱ्याने कात्री उंबऱ्यावरच ठेवलेली.

आणि एक भानगड. काही मुलींना खरोखर हरकत होती. त्यांनी नमुन्याप्रमाणेच 'खेड्यात राहायला हरकत आहे' लिहिलं. मशीनने त्यांचा 'आहे' कापला. 'आहे' कापलेली हरकत आणि 'नाही' कापलेली हरकत शेजारी शेजारी ठेवा, साक्षात ब्रह्मदेवाला फरक सांगता येणार नाही. कापलेला तुकडा मशीन कुठेही ठेवत नाही. चिठ्ठी फक्त म्हणते, कापलं. काय कापलं ते म्हणत नाही.

मी सुचवलं की मुलींच्या घरी फोन करून विचारू. भाऊसाहेब म्हणाले, "परक्याच्या पोरीले फोन करून इचारू, बाई, तुले हरकत हाये का? जोडे खायाचे हाये का म्हातारपनी?"

हे सगळं मी गंमत म्हणून सांगितलं असतं आणि इथेच थांबलो असतो. पण त्या मेळाव्यात माझा मामेभाऊ होता.

वरूडकडच्या एका गावात त्याची संत्र्याची बाग. घर पक्कं, ट्रॅक्टर स्वतःचा, माणूस देखणा, चाळिशी गाठलेला. लग्न नाही. बागेत काम करताना गाणी म्हणतो, तीही बेसूर नाहीत. त्याच्यात खोट एकच, तो त्याच्या गावात राहतो. तेवढ्यासाठी त्याने इतकी वर्षं स्थळं पाहिली आणि एवढ्या वर्षांत त्याला एकदाही कोणी नकार दिला नाही. मुलीचे वडील चहा पाजायचे, बागेची चौकशी करायचे, फाटकापर्यंत सोडायला यायचे आणि म्हणायचे, "कळवतो."

'कळवतो' म्हणजे वॉर्निंग. गाडी चालू राहते. कोणी एकाने जरी अंगणात उभं राहून सांगितलं असतं, बाबा रे, तुझ्या गावात पोरगी येणार नाही, काही वेगळं कर, तर तो चिडला असता, रडला असता, पण उतरला असता. ते कोणी केलं नाही. गावातल्या मुली शिकायला अमरावतीला गेल्या त्या परतल्या नाहीत, ही वॉर्निंग. त्याच्या बरोबरीच्या मित्रांनी गाव सोडलं, ही वॉर्निंग. मामी दर दिवाळीला म्हणायची, "पुढच्या सालाले नक्की," आणि तो फराळ करायचा.

या वेळी त्याने मामीला सांगून टाकलं होतं, "हा शेवटचा मेळावा. याच्यानंतर माह्या लग्नाचा विषय घरात निघाला नाई पायजे."

मेळाव्याच्या दिवशी तो सकाळी गाडी घेऊन अमरावतीला आला. मागच्या सीटवर संत्र्यांचा क्रेट. "भेटायला चाल्लो, मोकळ्या हातानं कसं जायाचं?" रस्त्यात मी त्याला सगळं सांगितलं. खण, कात्री, चिठ्ठी, सगळं. बजावलं, "पुस्तिकेत जिथं नुसतं 'हरकत' दिसेल तिथं थांबू नको. विचार. तिथं 'नाही' असू शकतं."

तो गाडी चालवत खदखदा हसला. "दादा, म्हनजे इतकी वर्षं लोकं मले नाई म्हनत नव्हते, आनि आता मशीन नाई म्हनू देत नाई!"

सभागृह भरलेलं होतं. दारात गुलाबपाणी, मंचावर भाऊसाहेब, हातात माईक. त्यांनी पहिल्याच वाक्यात जाहीर केलं, "यंदा आपली नोंदनी ऑनलाइन झाली आनि पहिले काही दिवस सोडले तं एकही एरर आली नाई." टाळ्या! मीसुद्धा वाजवल्या. इतक्या खऱ्या वाक्याला टाळी न देणं कृतघ्नपणा झाला असता.

एकेक जण मंचावर येऊन स्वतःची माहिती सांगत होता. सगळ्यांचं एकच, नाव, शिक्षण, नोकरी, नमस्कार. मग एक मुलगी आली. मुलगी कसली, पस्तिशीतली बाई. खणखणीत आवाजात म्हणाली, "मी मूर्तिजापूरकडची. अकोल्यात एका प्रयोगशाळेत माती तपासते." मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "माती?" आणि हसू फुटलं. ती माईक न सोडता म्हणाली, "हो. तुम्ही ज्याच्यावर उभे आहात ते." हसू बंद झालं.

माझा भाऊ खुर्चीत सरळ झाला. त्याला मी इतकं सरळ बसलेलं शाळेच्या फोटोनंतर पाहिलं नव्हतं.

"दादा, आपल्या बागेत फळं गळून राहिले दोन सालापासून. इले समजन काहून ते."

"मग जा आणि विचार."

त्याने पुस्तिका उघडली. तिचं पान काढलं. बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबला. मला न पाहताच माहीत होतं कोणत्या.

"हरकत," तो म्हणाला.

"अरे राज्या, येताना काय सांगितलं मी? 'नाही' गळलं असेल त्यातलं."

"आनि 'आहे' गळलं असन तं?"

"तर ती 'आहे' म्हणेल. घरी जाऊ."

तो पुस्तिका मिटून बसला. थोड्या वेळाने पुन्हा उघडली. मी त्याला ढोसलं, चिडवलं, क्रेटमधून खिशात आणलेलं एक संत्रं त्याच्या हातात कोंबलं की हे तरी दे नेऊन. तो म्हणाला, "दादा, आतापर्यंत मले कोनी तोंडावर नाई म्हटलं नाई. चाळीस वर्षांच्या मानसाले त्याची सवय नाई राहत रे. देतो थोड्या वेळानं."

जेवणं झाली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. ती आईसोबत खिडकीपाशी जेवत होती. गावाकडची बरीच मुलं तिच्या जवळून गेली. जाताना पुस्तिका पाहायची, पान सापडलं की मान खाली घालून पुढे सरकायची. एक जण तर तिच्या समोर थांबला, ओळ वाचली आणि "माफ करा ताई" म्हणाला. ताई! उपवर मुलांच्या मेळाव्यात! मी एरवी यावर लोळून हसलो असतो.

दुपार कलली. खुर्च्या गोळा करणारी माणसं आली आणि रांगांमागून रांगा घडी करायला लागली. आमच्या खुर्च्यांपर्यंत ती आली तेव्हा माझ्या भावाला उठावंच लागलं, आणि उठलाच आहे तर तो तिच्याकडे चालत गेला. मी मागोमाग. संत्रं त्याच्या हातात तसंच, कोमट झालेलं.

तिची आई पर्स आवरत होती. त्याने नमस्कार केला, नाव-गाव सांगितलं आणि एकदम विचारून टाकलं, "ते खेड्यातलं. तुमी काय लिहिलं होतं?"

"हरकत नाही, असं लिहिलं होतं," ती म्हणाली. "छापताना कापलं त्यांनी."

मी आनंदाने भावाचा दंड घट्ट धरला. तो मात्र हलला नाही.

"मी सकाळीच अध्यक्षांना दाखवलं," ती पुढे म्हणाली. "मंचावरून सांगा म्हटलं. ते म्हणाले, ज्याला पाहिजे असेल तो विचारेल. मला ते पटलं. मी दिवसभर बसून राहिले, कोण विचारतं ते पाहत. कोणीच नाही विचारलं. छापलेलं खरं मानून सगळे चालले गेले. त्यांचं एक ठीक आहे, त्यांना माहीत नव्हतं."

इथे एखाद्या हुशार माणसाने गप्प बसायचं असतं. माझा भाऊ हुशार नाही, तो खरा आहे.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "ते कापलेलं असू शकते म्हनून. या दादानं सकाळीच सांगितलं होतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"तुम्ही तिसऱ्या रांगेत होते ना? सकाळपासून एकदा माझ्याकडे आणि एकदा पुस्तकाकडे पाहून राहिले होते."

"हो."

"माहीत होतं, तरी नाही विचारलं?"

"नाई."

मला वाटलं, आता ती हसेल. शप्पथ सांगतो, वाटलं. इतकी मजेदार गोष्ट, इतका सरळ माणूस, हातात इतकं केविलवाणं संत्रं.

"भाऊ," ती म्हणाली, आणि ते 'भाऊ' ऐकूनच मी त्याचा दंड सोडला. "खेड्यात राहायला मी भीत नाही. मी तिथलीच आहे. पण तिथं माझ्यासाठी कोणाशी एक शब्द बोलायची वेळ आली, तर तुम्ही खुर्च्या उचलेपर्यंत थांबाल. लिहिलं तेव्हा मला हरकत नव्हती. आता आहे."

तिच्या आईने "चल गं" म्हटलं. त्या गेल्या. मी तिथेच उभ्या उभ्या पुस्तिका उघडली आणि ती ओळ वाचली. सकाळी ती चुकीची होती. आता बरोबर झाली होती. माझ्या सगळ्या नोकरीत मी चुकीची माहिती दुरुस्त करताना पाहिली आहे. चुकीच्या माहितीने माणसाला दुरुस्त करून आपल्यासारखं करून घेतलेलं तेवढं एकदाच पाहिलं.

परत येताना मूर्तिजापूर मागे पडलं. तो एकदम म्हणाला, "दादा, तिनं तोंडावर नाई म्हटलं."

"हो रे."

"पहिलीच. एरर का काय म्हनते, ते हेच ना?"

मी हो म्हणालो. त्याला म्हणालो, आता तू उतरलास, आता दुसरी गाडी पकडता येईल. कंडक्टरची गोष्ट सांगितली, हात उडवत, घंटीसकट. तो मनापासून हसला. गाडी पुढे गेल्यावर म्हणाला, "पन बडनेऱ्यावरून शेवटची गाडी निघून गेली असन तं, दादा?"   वर्गात आता मी पुढच्या गाडीचा भाग घाईने उरकतो.

पुढच्या वर्षी मंडळाची नोंदणी पुन्हा सुरू झाली. खण वीसच अक्षरांचा होता. भाऊसाहेब म्हणाले, मागच्या साली बिनतक्रार पार पडलं, आता काहून हात लावायचा? विषय काढायचा नाही असं ठरलं होतं, पण मामीने काढला, आणि तिच्याशी वाद घालायची ताकद भावात उरली नव्हती. तो अमरावतीला आला आणि माझ्या बाजूला बसला. त्याची नोंद मी भरत होतो. नाव, गाव, बाग. मग चौकट आली, 'वधूविषयी अपेक्षा'. मागच्या वेळी त्याने तिथे काय काय सांगितलं होतं. हसरी पाहिजे, गाणं आवडणारी पाहिजे, आणि मी म्हणालो होतो, बापा, आवर, वीसच अक्षरं आहेत.

"काय टाकू?"

"टाक ना. कोनतीही अपेक्षा नाई."

"अरे, काहीतरी सांग."

"तेच तं सांगून राहिलो."

त्याचं बोलणं मी शुद्ध करून लिहिलं: 'कोणतीही अपेक्षा नाही'. सवयीने मशीनच्या पद्धतीने मोजलं, काना वेगळा, मात्रा वेगळी, मोडका पाय वेगळा. बरोबर वीस. बटण दाबलं. हिरवी खूण आली. आतली चिठ्ठी उघडून पाहिली, ती कोरी होती. काहीही कापलं गेलं नव्हतं. 'नाही'सकट सगळं मावलं होतं.

"चाललं?" त्याने विचारलं.

"चाललं," मी म्हणालो.